साहेबांच्या गावचा मुसाफिरखाना

उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम करायला इथे बंदी असते. तेवढा वेळ आम्ही साइटवरच्या पोर्टा केबिनमध्ये एसीखाली बसून काढायचो. उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात आमच्या कंपनीने ड्रेनेजची लाइन टाकायचं काम घेतलं होतं. मी तिथे सर्व्हेअर होतो आणि साहेब आमचे रेसिडेंट इंजिनियर. उंच, लालबुंद मानेचा इंग्रज माणूस. बाहेर पत्र्याला हात लावला तर फोड यावा असं ऊन, आणि आत साहेब सँडविचचा कागद उलगडत आम्हाला त्यांच्या गावातल्या एका विस्तवाबद्दल सांगत असायचे.

त्यांच्या गावात एक जुनी इन होती. कित्येक शतकांपूर्वीची. पूर्वी घोडागाड्या तिथे थांबायच्या, घोडे बदलले जायचे, प्रवासी खाली जेवून वरच्या खोल्यांत झोपायचे. आता घोडे गेले, पण जेवण राहिलं. तिथल्या फायरप्लेसमध्ये माणूस उभा राहील एवढी जागा आहे, तुळया इतक्या खाली आहेत की गावातला प्रत्येक उंच माणूस वाकूनच चालतो, आणि रविवारी दुपारी भाजलेल्या मांसाचा वास चर्चच्या दारापर्यंत जातो, असं साहेब सांगायचे. इन म्हणजे काय हे मला पहिल्यांदा नीटसं कळलं नव्हतं. मग माझ्या डोळ्यांसमोर मुंबईतला मुसाफिरखाना आला. रत्नागिरीहून पहिल्यांदा आखातात यायला निघालो तेव्हा विमानाच्या आधी मी तिथेच उतरलो होतो. मी साहेबांना तसं सांगितलं. त्यांनी तो शब्द दोन-तीनदा घोळवला आणि म्हणाले, "बरोबर. माझ्या गावचा मुसाफिरखाना. एक दिवस तुला तिथे जेवायला नेणार."

"इन्शाल्ला," मी म्हणालो. असं सगळेच म्हणतात, आणि जो तो आपापल्या कामाला लागतो.

साहेबांना बायको होती, पण ती इथे राहायला कधी आली नाही. तिची आई अंथरुणाला खिळलेली होती, तिला सोडून येणं जमलं नाही. साहेब सुटीत घरी जायचे आणि परत यायचे. खरं तर आम्हा बाकीच्यांसारखंच त्यांचंही चाललं होतं, फक्त त्यांचा फ्लॅट मोठा होता. माझी बायकोही तेव्हा गावीच होती. फॅमिली व्हिसा मिळेपर्यंत आमची मुलगी बोलायला लागली होती, शाळेतही जायला लागली होती. दुपारच्या सुटीत मी घरी फोन लावायचो. आईने फोन उचलला की पहिला प्रश्न एकच विचारायची, "जेवलास?" फोनचा आवाज मोठा असल्यामुळे तो सगळ्या केबिनला ऐकू जायचा. साहेबांनी एकदा त्याचा अर्थ विचारला. मी सांगितला. तेव्हापासून ते साइटवर भेटेल त्याला "जेवलास?" विचारू लागले. क्रेन चालवणारा पेशावरचा पठाण असो की नेपाळी वॉचमन. कुणाला कळायचं, कुणाला नाही, पण हसायचे सगळे.

बाकीची त्यांची भाषा म्हणजे साइटची खिचडी होती. अरबी यल्ला, म्हणजे चला, आणि खलास, मग हिंदी पानी लाओ, जल्दी, सीधा, शाबास. पाइप खंदकात उतरवताना काठावर उभे राहून ते "सीधा, सीधा, सीधा" असं ओरडायचे आणि शेवटी हात आडवा करून "बस!" पाइपचा उतार मोजायच्या माझ्या लेव्हल मशीनवर त्यांचा फार भरवसा होता. मी मान हलवली की ते पुढे सरकायचे.

काम संपलं, साहेब रिटायर होऊन घरी गेले. मी दुसऱ्या कंपनीत लागलो. आम्ही शारजात घर केलं, मुलगी इथेच शिकली, मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देत मोठी झाली. साहेबांचा ईदला मेसेज यायचा, माझा त्यांना नाताळला जायचा. मग मेसेज लहान होत गेले. एका ईदला आलाच नाही. पुढच्या ईदला आला तो त्यांच्या बायकोचा. तिने शुभेच्छा दिल्या होत्या आणि खाली एकच वाक्य लिहिलं होतं: त्यांना आता बऱ्याच गोष्टी आठवत नाहीत.

आमच्या मुलीला इंग्लंडात नोकरी लागली तेव्हा तिला भेटायला जायचं ठरलं. मी मॅडमना फोन केला. साहेबांच्या बायकोला आम्ही कधी पाहिलं नव्हतं, पण तिला मॅडमच म्हणायचो. त्या म्हणाल्या, "जरूर या. पण त्यांनी तुम्हाला ओळखलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका." मग म्हणाल्या, "घरी कुणी आलं की ते घाबरतात. आपण इनमध्ये जेवू या का? तिथे ते नेहमी जातात. ती जागा त्यांच्या सवयीची आहे."

म्हणजे साहेबांनी बोलावलं होतं ते खरंच घडणार होतं. मला आनंद व्हायला हवा होता.

बायकोची काळजी वेगळी होती. "अहो, तिथे दारू विकतात ना? आपण तिथे बसायचं? आणि खायचं काय? एकाच तव्यावर सगळं करत असतील ते." आम्ही शारजात राहणारे, जिथे दारूचं दुकान नजरेलाही पडत नाही. मी तिला काय सांगणार? पण दुसऱ्या दिवशी मॅडमचाच फोन आला. इनच्या मालकिणीशी त्या बोलल्या होत्या. आमच्यासाठी मासळी होईल, वेगळ्या भांड्यात, वेगळ्या तेलात, आणि टेबल बारपासून लांब, खिडकीजवळ ठेवलं जाईल. मी फोन स्पीकरवर टाकला होता. बायको ऐकत होती. फोन संपल्यावर ती उठली आणि बॅगेत काजू आणि खजुराचे डबे भरू लागली. मी समजलो की तिचा होकार आला.

ऑक्टोबरात आम्ही गेलो. मुलीने गाडी चालवली. मोठा रस्ता सुटल्यावर दोन्ही बाजूंना उंच कुंपणांचे अरुंद रस्ते सुरू झाले. समोरून गाडी आली की एकाने मागे घ्यायची, मग दोघांनी हात दाखवायचा. बारीक पाऊस होता. बायको म्हणाली, "आपल्या गावासारखंच आहे की हो. नुसती हिरवळ आणि चिखल." मुलगी म्हणाली, "अम्मी, प्लीज, तिथे चिखल म्हणू नकोस." बायको म्हणाली, "मी मराठीतच म्हणणार ना."

इन गावाच्या मधोमध होती. पिवळसर दगडाच्या भिंती, बसक्या खिडक्या, दारावर लोंबणारी रंगवलेली पाटी. एका बाजूला मोठी कमान होती, तिच्याखालून पूर्वी गाड्या आत शिरत असणार. साहेब कमानीखाली उभे होते. शर्टावर टाय, त्यावर लोकरीचा स्वेटर. वाळले होते. लाल मान पांढरी पडली होती. शेजारी मॅडम, लहानखुऱ्या, केस नीट विंचरलेल्या, एका हाताने साहेबांची बाही धरलेल्या.

मी पुढे झालो. साहेबांनी माझा हात हातात घेतला, सभ्यपणे हलवला आणि विचारलं, "फार लांबून आलात का?"

"शारजाहून, साहेब."

"अरे वा. रस्ता बरा होता ना?"

कुणाही पाहुण्याला विचारतात तसं त्यांनी मला विचारलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी आधीच सांगितलं होतं, तरी आत कुठेतरी मला वाटत होतं की मला पाहिल्यावर आठवेल. इतर कुणी नाही, तरी मी आठवेन. सगळ्यांनाच तसं वाटत असेल.

आत शिरताना मी वाकलो. साहेब माझ्याहून उंच, पण त्यांची मान आपोआप खाली गेली, बरोबर तुळईपाशी. ते त्यांच्या शरीराला आठवत होतं. आत सगळं त्यांनी सांगितल्यासारखं होतं. काळ्या तुळया, झिजलेली दगडी फरशी, भिंतीवर घोड्यांच्या साजावरची पितळी पदकं, आणि तो फायरप्लेस. खरोखरच माणूस उभा राहील एवढा. आत दोन जाड ओंडके जळत होते. पोर्टा केबिनमध्ये त्या विस्तवाबद्दल मी किती वेळा ऐकलं होतं, आणि आता त्याच्यासमोर माझे ओले बूट वाळत होते.

मालकीण जाडजूड, आनंदी बाई होती. तिने बायकोला स्वयंपाकघराच्या दाराशी नेऊन वेगळी काढलेली कढई दाखवली. बायकोने तिला खजुराचा डबा दिला. दोघी एकमेकींच्या भाषेत आभार मानत राहिल्या.

जेवण येईपर्यंत मॅडम साहेबांना आठवण करून देत होत्या. "हे तुमच्या उम्म अल कुवैनचे. सर्व्हेअर. तुम्ही यांच्याबद्दल किती सांगायचात." साहेब म्हणायचे, "हो हो, अर्थातच," आणि खिडकीबाहेर पाहायचे. तिसऱ्यांदा आठवण केली तेव्हा ते चिडले. "मी हो म्हणालो ना!" आवाज चढला. शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी आमच्याकडे पाहून चटकन नजर वळवली. मॅडमनी पुढ्यातला काटा-चमचा सरळ केला. बायकोने मला टेबलाखालून पायाने खुणावलं, आता काही विचारू नका म्हणून.

मासळी आली. पातळ कुरकुरीत कवचातला मोठा पांढरा मासा, जाड चिरलेले बटाटे आणि वाटाणे. साहेबांपुढे त्यांचं भाजलेलं मांस आणि वर तपकिरी रस्सा. मॅडमनी त्यांना तुकडे करून दिले. साहेब खाईनात. वाटाणे ताटात इकडून तिकडे सरकवत राहिले. मग ते अस्वस्थ होऊ लागले. खुर्चीतून अर्धवट उठायचे, बसायचे. बाहेर पावसातून दोन माणसं रस्त्यावरून जाताना दिसली. साहेब एकदम ताठ झाले आणि मालकिणीला मोठ्याने म्हणाले, "यल्ला, यल्ला! पानी लाओ! आदमी धूप में है!"

मालकीण बिचारी हातात ताटं घेऊन उभी राहिली. मॅडमचा चेहरा लाल झाला. त्यांनी साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्हाला म्हणाल्या, "माफ करा. हल्ली हे असं होतं. काहीतरी आवाज काढतात. शब्द नसतात ते, नुसतं बडबडणं. मी काही बोलले तर जास्तच चिडतात."

मी काही बोलण्याआधी आमची मुलगी म्हणाली, "बट इट्स नॉट नॉन्सेन्स. ही इज आस्किंग फॉर वॉटर."

मॅडम तिच्याकडे पाहतच राहिल्या.

मी माझी खुर्ची ओढून साहेबांच्या शेजारी नेली. काय करायचं हे मी ठरवलं नव्हतं. तोंडातून आपोआप साइटची भाषा आली. "साब, पानी दे दिया. सबको छाया में बिठाया है."

साहेबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "पाइप?"

"पाइप आ गया साब. नीचे उतार दिया."

"सीधा?"

"एकदम सीधा. मैंने लेव्हल चेक किया."

त्यांनी सुस्कारा सोडला. खांदे खाली आले. "शाबास," ते म्हणाले. मग माझ्या ताटाकडे, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "जेवलास?"

माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली. हा प्रश्न अशा एका शब्दात मला आता कुणी विचारत नाही. उत्तर बायकोने दिलं. ती पलीकडून म्हणाली, "जेवतायत, साहेब. तुम्ही पण जेवा."

आणि साहेबांनी काटा उचलला. सावकाश, मन लावून त्यांनी सगळं ताट संपवलं. मधे एकदा मालकिणीला "खलास!" म्हणाले, तशी ती इतकी हसली की शेजारच्या टेबलावरचे लोकही हसले. साहेबही हसले. माझं नाव त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही. मी कोण हे त्यांना कळलं होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. पण ते आपल्या माणसाशी बोलत होते, एवढं नक्की.

मॅडमनी मात्र जेवणाला हात लावला नव्हता. त्या मला विचारू लागल्या. "रात्री उठून खिडकीपाशी जातात आणि एकच शब्द म्हणत राहतात. सी-डा, सी-डा. मला वाटायचं कुणा बाईचं नाव असेल." हे शेवटचं त्या अगदी हळू बोलल्या.

"सीधा," मी म्हणालो. "म्हणजे सरळ. पाइप वाकडा जाऊ नये म्हणून."

त्यांनी तोंडावर हात घेतला. आधी मला वाटलं रडतायत. मग कळलं की हसतायत, आणि मग कळलं की दोन्ही. बायको उठून त्यांच्या बाजूला जाऊन बसली. माझ्या बायकोचं इंग्रजी दुकानापुरतंच आहे, पण तिने मुलीला सांगितलं, "त्यांना सांग, मीपण गावीच होते. हे आखातात, मी तिकडे. फोनवर म्हणायचे सगळं ठीक आहे. शारजात येऊन राहिले तेव्हा कळलं, माझा नवरा हिंदी बोलतो, अरबी बोलतो, उभ्या उभ्या जेवतो, झोपेत आकडे बोलतो. मला वाटलं, अरे, हा माणूस कोण?"

मुलीने तसंच्या तसं सांगितलं. मॅडमनी बायकोचा हात धरला आणि जेवण संपेपर्यंत सोडला नाही. त्या म्हणाल्या, "मला वाटलं होतं, ते परत आले की आम्हाला एकमेकांना सगळं सांगायला वेळ मिळेल."

मग शिकवणी सुरू झाली. फायरप्लेससमोर, सफरचंदाच्या गरम पुडिंगवर. मॅडमना शब्द हवे होते, आणि त्यांवर काय म्हणायचं तेही. बायको मास्तरीण झाली. "सब सीधा है," ती म्हणायची. मॅडम म्हणायच्या, "सब सीडा हाय." "डा नाही, धा. पोटातून." मालकीणही कमरेवर हात ठेवून शिकली, कारण साहेब तिच्याकडे आठवड्यातून कितीदा तरी यायचे. साहेब मजेत ऐकत होते. उच्चार बरोबर झाला की मान हलवायचे, अगदी मी मशीनमागून हलवायचो तशी. आमची मुलगी, जी घरात आम्ही बोललेल्या हिंदी-मराठीला इंग्रजीत उत्तर देते, ती त्या दिवशी तीन बायकांच्या मधे बसून "पानी दे दिया, पानी दे दिया" म्हणत होती.

निघताना पाऊस थांबला होता. साहेबांनी पुन्हा हात हलवला आणि पुन्हा विचारलं, फार लांब जायचंय का. मी हो म्हणालो. गाडीत मुलगी म्हणाली, "अब्बा, यू नेव्हर टोल्ड मी एनी ऑफ दिस." मी म्हणालो, "काय सांगायचं? ड्रेनेजची लाइन होती." ती म्हणाली, "तरी सांगायचं." मराठीत म्हणाली.

त्यानंतर मॅडमचा व्हिडिओ कॉल यायचा. कधी मी शारजा-दुबईच्या जाममध्ये अडकलेलो असायचो, आजूबाजूला ब्रेकचे लाल दिवे, आणि फोनवर साहेब विचारायचे, सिमेंट का ट्रक आया? मी सांगायचो, "रास्ते में है साब." ते खोटं नसायचं, माझ्यापुढे खरोखरच काँक्रीटचे दोन मिक्सर ट्रक उभे असायचे. मॅडम सांगायच्या की रात्री आता त्या स्वतःच उत्तर देतात, आणि बहुतेक वेळा ते येऊन झोपतात. कधीकधी नाही झोपत. मग दोघंही खिडकीपाशी बसून राहतात.

पुढच्या वर्षी साहेब गेले. झोपेतच. मॅडमनी फोन करून स्वतः सांगितलं. मी त्या शुक्रवारी नमाजानंतर मशिदीत थोडा जास्त वेळ बसलो.

थंडी सुरू झाल्यावर मॅडम इकडे आल्या. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांना साइट पाहायची होती. मी म्हणालो, "मॅडम, पाहण्यासारखं काही नाही. आम्ही केलं ते सगळं जमिनीखाली आहे." त्या म्हणाल्या, तरी न्या. बायको, मी आणि मॅडम उम्म अल कुवैनला गेलो. दुतर्फा गोदामं, टायरची दुकानं, गॅरेजं, धुळीने माखलेले ट्रक. मी एका मॅनहोलच्या झाकणापाशी गाडी थांबवली आणि लाइन कुठून कुठे गेली ते हाताने दाखवलं. मॅडम त्या झाकणाशेजारी उभ्या राहिल्या. उन्हामुळे डोळ्यांवर हात धरून त्यांनी रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला.

"किती कुरूप आहे हे," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हणालो. खोटं कशाला बोलायचं?

"आणि त्यांना हे इतकं आवडायचं?"

"फार आवडायचं, मॅडम."

त्यांनी मान डोलावली. एक ट्रकवाला हॉर्न वाजवून गेला, तशी बायकोने त्यांना हाताला धरून कडेला घेतलं. खाडीच्या बाजूला एक साधं मासळीचं हॉटेल आहे, प्लास्टिकच्या खुर्च्यांचं. तिथे जायचं ठरलं. दोघी माझ्यापुढे चालत होत्या, बायको मराठीत आणि मॅडम इंग्रजीत, आणि दोघींचं बोलणं काही थांबत नव्हतं. मी आत जाऊन सावलीतलं टेबल धरलं आणि तीन ताटं सांगितली.